ऑलिव्हचं पान आणि रक्तदाबाची गोळी

गेल्या काही आठवड्यांत आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रांचा विषय एकच निघाला, तेव्हा या खेपेला तोच घ्यायचं ठरवलं. एका भगिनीच्या मुलानं ऑस्ट्रेलियाहून ऑलिव्हच्या पानांच्या अर्काची बाटली आणून दिली आहे. दुसरीला भिशीच्या मैत्रिणींनी वाढदिवसाला ‘ऑलिव्ह लीफ टी’चा डबा दिला. तिसरीचा प्रश्न मात्र जरा काळजीचा आहे. त्या लिहितात, “ताई, रक्तदाबाच्या गोळीनं माझे पाय सुजतात. जाऊबाईंनी ऑलिव्हच्या पानांच्या कॅप्सूल सुचवल्या. झाडपाल्याचंच औषध आहे, अपाय कसला? मग गोळी बंद करून हेच घेतलं तर चालेल का?”

पानाची गोष्ट पुढे सांगतेच, पण या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते. नाही, चालणार नाही. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी पाय सुजतात हे खरं आहे, आणि दुसऱ्या काही गोळ्यांनी कोरडा खोकला लागतो हेही खरं आहे. पण ती तक्रार डॉक्टरांना सांगायची असते. ते गोळी बदलून देतात किंवा मात्रा कमी-जास्त करतात. आपण होऊन गोळी थांबवली तर रक्तदाब गुपचूप वर चढतो आणि बहुतेक वेळा काही जाणवतही नाही. हाच तर या दुखण्याचा कावा आहे.

आता मग या पानाला काहीच अर्थ नाही का? तसंही नाही. पान कामाचं आहे, आणि म्हणूनच त्याच्याशी खेळ करायचा नाही. हे कसं ते सविस्तर पाहू.

झाड कुठलं, पान कसलं

ऑलिव्ह म्हणजे जैतून. हे झाड भूमध्य समुद्राच्या काठचं. स्पेन, इटली, ग्रीस, तुर्कस्तान, मोरोक्को, ट्यूनिशिया, पॅलेस्टाइन, इस्रायल या मुलखांत ते हजारो वर्षं लावलं जात आहे. उन्हाळा कोरडा आणि कडक, पाऊस काय तो हिवाळ्यात, जमीन खडकाळ, अशा ठिकाणी ते शेकडो वर्षं जगतं. बायबलमध्ये जलप्रलय ओसरल्याची खूण म्हणून कबुतर चोचीत जे पान घेऊन येतं ते याच झाडाचं. प्राचीन ग्रीसमध्ये ऑलिंपिक जिंकणाऱ्याच्या डोक्यावर याच्याच फांदीचा मुकुट घालत. संयुक्त राष्ट्रसंघाच्या निळ्या झेंड्यावर जगाच्या नकाशाला दोन्ही बाजूंनी कवटाळणाऱ्या फांद्याही ऑलिव्हच्याच.

पान लहान, लांबट, जाडसर असतं. वरून गडद हिरवं आणि खालून चंदेरी. हा चंदेरीपणा म्हणजे बारीक बारीक खवल्यांचा थर. त्यामुळे कडक उन्हात पानातलं पाणी उडून जात नाही. एक एक पान दोन-तीन वर्षंसुद्धा झाडावर टिकतं. इतका काळ ऊन, वारा आणि किडे यांच्या तोंडी राहायचं, तर अंगात काहीतरी संरक्षण हवंच.

आपल्या महाराष्ट्राच्या मातीतलं हे झाड नव्हे. पण भारतात अगदीच परकं राहिलेलं नाही. राजस्थानात २००८ साली इस्रायलच्या मदतीनं ऑलिव्हची लागवड सुरू झाली, २०१४ साली बिकानेर जिल्ह्यातल्या लूणकरणसर इथे तेल काढण्याचा कारखाना निघाला, आणि पुढे तिथल्या पानांचा चहाही बाजारात आला. म्हणजे तुमच्या हातातला डबा परदेशातूनच आलेला असेल असं नाही.

आणि एक गंमत सांगू? या झाडाचे नातेवाईक आपल्या अंगणात केव्हाचे आहेत. मोगरा, जाई, जुई आणि पारिजातक ही सगळी वनस्पतिशास्त्राच्या हिशेबानं ऑलिव्हच्याच कुळातली. पारिजातकाच्या पानांचा कडू काढा आपल्याकडे कंबरेतून पायात उतरणाऱ्या कळांवर आणि तापावर देतात, हे तुमच्यापैकी कितीतरी जणींना आजीकडून ठाऊक असेल. ऑलिव्हच्या पानातला कडूपणा ज्या जातीच्या द्रव्यांमुळे आहे, त्याच जातीची द्रव्यं पारिजातकातही सापडतात. पण लगेच पारिजातकाची पानं ओरबाडून ऑलिव्ह म्हणून उकळू नका हं! चुलत बहिणींचं नाक एकसारखं असलं म्हणून स्वभाव एकसारखा असतो थोडाच?

कडूपणाचं गुपित

पानातल्या मुख्य कडू द्रव्याचं नाव ओल्युरोपीन. झाडाच्या शास्त्रीय नावावरूनच ते पडलं. १९०८ साली बुर्केलो आणि व्हिंटिलेस्को या दोन संशोधकांनी ते प्रथम वेगळं काढलं. हेच द्रव्य कच्च्या ऑलिव्हच्या फळातही भरपूर असतं. म्हणून झाडावरचं ऑलिव्ह तोडून तोंडात टाकलं तर थुंकून टाकावं लागतं. बरणीत मिळतात ती फळं आठवडेच्या आठवडे मिठाच्या पाण्यात मुरवून, किंवा क्षाराच्या पाण्यात बुडवून मग धुऊन, कडूपणा काढलेली असतात. आपण कारल्याला मीठ लावून पिळून ठेवतो ना, त्याचाच हा मोठा भाऊ समजा.

ओल्युरोपीनच्या रेणूचे तीन भाग असतात. एक साखरेचा, म्हणजे ग्लुकोजचा. दुसरा एलेनॉलिक आम्लाचा. आणि तिसऱ्याचं नाव हायड्रॉक्सिटायरोसॉल. नाव अवघड आहे, पण काम सोपं. ते अँटिऑक्सिडंट आहे, म्हणजे आपल्या शरीरातल्या चरबीला आणि पेशींना प्राणवायूच्या माऱ्यानं जी एक प्रकारची गंज चढते ती थोपवायला मदत करणारं. पितळेच्या भांड्यावर कल्हई करतो तसंच काहीसं. याखेरीज पानात ल्युटिओलिन, एपिजेनिन, रुटिन अशी फ्लेव्होनॉइड द्रव्यं असतात, आणि ओलिआनॉलिक आम्लही असतं. हे शेवटचं तर तुमच्या मसाल्याच्या डब्यात आहे, कारण लवंगेतही ते भरपूर असतं.

आता झाडाला हे सगळं कशाला हवं? आपल्यासाठी नक्कीच नव्हे. ऑलिव्हच्याच कुळात प्रिव्हेट नावाचं एक कुंपणाचं झाड आहे, त्याच्या पानातही ओल्युरोपीन असतं. जपानी शास्त्रज्ञांनी १९९९ साली त्याचा छडा लावला. पानात ओल्युरोपीन एका कप्प्यात असतं आणि त्याला फोडणारं एन्झाइम दुसऱ्या कप्प्यात. किड्यानं पान चावलं की दोन्ही एकत्र येतात, आणि जे तयार होतं ते पानातल्या प्रथिनांना असं काही चिकटतं की किड्याला त्या पानातून पोषणच मिळत नाही. पोट भरलं तरी किडा उपाशी! कांदा चिरताना हेच घडतं. अख्खा कांदा शांत असतो, सुरी लागली की वेगवेगळ्या कप्प्यांतली द्रव्यं एकत्र येतात आणि आपल्या डोळ्यांना धारा लागतात.

हे एवढं लांबण लावून सांगितलं, कारण ‘झाडपाल्याचं म्हणजे निरुपद्रवी’ हा समज त्यानं दूर व्हावा. पानातली औषधी द्रव्यं म्हणजे झाडाची हत्यारं असतात. योग्य प्रमाणात ती आपल्या उपयोगी पडतात, पण ती साखरफुटाणे नव्हेत.

पान वेगळं, तेल वेगळं

एका पत्रात विचारलं आहे, “आम्ही ऑलिव्ह तेल वापरतो, मग पानाचा फायदा त्यात आलाच ना?” नाही आला. ओल्युरोपीन पाण्यात विरघळणारं आहे. फळं दळून तेल काढताना ते बहुतेक पाण्याबरोबर आणि चोथ्याबरोबर निघून जातं. तेलात त्याच्यापासून झालेली द्रव्यं थोड्या प्रमाणात उरतात, तीही पहिल्या दाबाच्या, रिफाइन न केलेल्या तेलात. रिफाइन केलेल्या किंवा चोथ्यापासून काढलेल्या ‘पोमेस’ तेलात ती जवळपास नसतात. तेलाचे गुण त्याच्या जागी, पानाचे पानाच्या जागी. वाळवलेल्या औषधी पानात ओल्युरोपीन किमान ५ टक्के असलंच पाहिजे, असा युरोपच्या औषधसंहितेचा नियम आहे. त्यावरून पान किती जोरकस आहे ते कळेल.

ताप ते रक्तदाब

भूमध्य समुद्राकाठच्या गावांत या पानांचा काढा पूर्वीपासून पितात. तापावर, लघवी साफ होण्यासाठी, मोरोक्कोसारख्या देशात रक्तदाबासाठी आणि मधुमेहासाठीही. १८५४ साली लंडनच्या डॅनियल हॅनबरी या औषधशास्त्रज्ञानं ऑलिव्हच्या ताप उतरवण्याच्या गुणाबद्दल लेख लिहिला होता. तरी हिवतापावरचं औषध म्हणून टिकली ती सिंकोनाच्या सालीतली क्विनीनच, ऑलिव्हचं पान नव्हे.

पुढे १९७० च्या सुमारास अमेरिकेत एलेनॉलिक आम्लाच्या एका क्षाराचा विषाणूंवर प्रयोग झाला. काचेच्या बशीत विषाणू निष्प्रभ झाले, पण त्यातून माणसांना द्यायचं औषध काही निघालं नाही. मैत्रिणींनो, ‘विषाणूंचा नाश करते’ असं एखाद्या डब्यावर किंवा मोबाइलवरच्या संदेशात वाचाल तेव्हा ही बशी आठवा. बशीत आणि माणसाच्या पोटात फार अंतर असतं. वाटेत जठर आहे, आतडं आहे, यकृत आहे. प्रत्येक जण त्या द्रव्याची मोडतोड करतो.

मग माणसांवर काय दिसलं? मला महत्त्वाचे वाटले ते चार प्रयोग सांगते.

पहिला इंडोनेशियातला, २०११ साली प्रसिद्ध झालेला. सौम्य स्वरूपाचा रक्तदाब असलेल्या लोकांना दोन गटांत वाटलं. एका गटाला पानाचा अर्क ५०० मिलीग्रॅम दिवसातून दोनदा, दुसऱ्याला कॅप्टोप्रिल नावाची रक्तदाबाची जुनी गोळी. आठ आठवड्यांनी वरचा आकडा पानाच्या गटात सरासरी ११.५ नं उतरला, गोळीच्या गटात १३.७ नं. म्हणजे दोघांत फारसा फरक नाही. जाहिरातवाले नेमकं एवढंच सांगतात. ते सांगत नाहीत ते असं की, यात गोळीची मात्रा लहान होती, प्रयोग दोनच महिन्यांचा होता, आणि ज्यांना नुसतीच खोटी गोळी दिली असा तिसरा गट त्यात नव्हता. डॉक्टरांकडे नियमित जायला लागलं, खाण्यावर लक्ष राहिलं, की काही जणांचा रक्तदाब तसाही थोडा खाली येतोच. त्यामुळे किती श्रेय पानाचं, हे त्यावरून ठामपणे ठरत नाही.

दुसरा इंग्लंडमधल्या रेडिंग विद्यापीठातला, २०१७ चा. यात खोट्या औषधाशी तुलना होती. रक्तदाब सीमारेषेवर असलेल्या ६० पुरुषांना सहा आठवडे अर्क दिला. त्यात रोज १३६ मिलीग्रॅम ओल्युरोपीन होतं. दिवसरात्र मोजलेल्या रक्तदाबाचा वरचा आकडा साधारण ३ नं आणि खालचा २ पेक्षा थोड्या जास्तीनं उतरला. कोलेस्टेरॉलही किंचित कमी झालं. फायदा आहे, पण केवढा? १५५ ला १२० करण्याइतका खासच नव्हे.

तिसरा न्यूझीलंडमधल्या ऑकलंडचा, २०१३ चा. वजन जास्त असलेल्या ४६ मध्यमवयीन पुरुषांना बारा आठवडे अर्क दिला. इन्सुलिनला शरीर देत असलेला प्रतिसाद १५ टक्क्यांनी सुधारला. पण याच प्रयोगात रक्तदाब आणि चरबीचे आकडे मात्र हलले नाहीत! यात ओल्युरोपीनची रोजची मात्रा ५१ मिलीग्रॅमच्या आसपास होती, म्हणजे रेडिंगच्या निम्म्याहूनही कमी.

चौथा सर्दी-खोकल्यावरचा, हाही न्यूझीलंडचाच, २०१९ चा. खेळात चमकणाऱ्या ३२ शाळकरी मुलामुलींना नऊ आठवडे अर्क किंवा खोटं औषध दिलं. सर्दी होण्याचं प्रमाण काही विशेष कमी झालं नाही, पण आजारपणाचे दिवस २८ टक्क्यांनी कमी भरले. गट फार लहान आहे, तरी नोंद घ्यावी असं आहे.

या चारांतून काय घ्यायचं? पानात गुण आहे. तो माफक आहे. तो मात्रेवर अवलंबून आहे. आणि आपल्या दृष्टीनं आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. रक्तदाब आणि साखरेच्या या प्रयोगांपैकी दोन निव्वळ पुरुषांवर झाले. पन्नाशीच्या आसपास बायकांच्या शरीरात जे बदल होतात, त्या वेळी हे पान कसं वागेल, हे त्या दोन प्रयोगांवरून सांगता येत नाही.

युरोपच्या औषध संस्थेची वनस्पती-औषधांची जी समिती आहे, तिनं या पानाला मान्यता दिली आहे ती एवढ्यापुरतीच: अंगात थोडं पाणी साठलं असेल तर लघवीवाटे ते जायला मदत म्हणून, तीही परंपरेनं वापर चालत आला आहे या आधारावर, आणि गंभीर आजार नाही ना हे डॉक्टरांनी आधी पाहिल्यावर. रक्तदाबाचं औषध म्हणून नव्हे.

इथे पायांच्या सुजेचा मुद्दा पुन्हा येतो. “पानानं पाणी उतरतं, मग सुजेवर तरी घेऊ का?” असं कुणाच्या मनात येईल. पण सूज गोळीनं आली की हृदयानं, मूत्रपिंडानं की नुसतं दिवसभर उभं राहून, हे आपल्याला घरी कळत नाही. हृदयाचं किंवा मूत्रपिंडाचं दुखणं असेल तर हे पान घेऊच नये, असं ती समितीही सांगते. तेव्हा सूज आधी डॉक्टरांना दाखवायची, पानाचं नंतर.

दोन्ही एकदम घेतलं तर?

गोळी सोडत नाही, पण जोडीला पानाचा अर्कही घेते, असं म्हणणाऱ्या पुष्कळ असतात. हे डॉक्टरांना सांगायचंही राहून जातं. ‘चहाच तर आहे’ असं वाटतं. पण सरळ हिशेब करा. पान निरुपयोगी असेल तर त्याच्यावर पैसे घालण्यात अर्थ नाही. आणि ते खरोखर रक्तदाब उतरवत असेल, तर गोळीचा परिणाम आणि पानाचा परिणाम यांची बेरीज होणार. पहाटे उठल्यावर किंवा देवपूजेला बसून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येणं, तोल जाणं, हे त्या बेरजेचं लक्षण असू शकतं. न्हाणीघरात तोल जाऊन खुब्याचं हाड मोडलं तर काय होतं, हे घरोघर माहीत आहे. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर साखर एकदम उतरण्याची शक्यता असते: घाम सुटणं, हातपाय थरथरणं, गडबडल्यासारखं होणं. उपासाच्या दिवशी तर जास्तच जपायला हवं.

गरोदर बायकांनी आणि अंगावर पाजणाऱ्या आयांनी हे घेऊ नये. त्यांच्यासाठी ते सुरक्षित आहे असं दाखवणारा पुरेसा पुरावा नाही. अठरा वर्षांखालच्या मुलांनाही आपल्या मनानं देऊ नये. शाळेतल्या खेळाडूंचा प्रयोग वर सांगितला खरा, पण तो देखरेखीखाली झाला होता. एखादं ऑपरेशन ठरलं असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना या अर्काबद्दलही सांगावं. काहींना पोटात मळमळ, पातळ शौच किंवा डोकेदुखी होते. तसं झालं तर बंद करावं, ‘अंगाला लागेपर्यंत’ रेटू नये.

डबा हातात आला असेल तर

प्रेमानं आलेली वस्तू टाकून देववत नाही, हे मला कळतं. तब्येत ठणठणीत असेल, कुठलीही गोळी चालू नसेल, तर अधूनमधून पानांचा एखादा कप चहा घ्यायला हरकत नाही. नावाला चहा असला तरी त्यात चहापत्ती नसते, त्यामुळे कॅफीनही नसतं. कडू लागतो. लिंबाचे चार थेंब किंवा आल्याचा तुकडा घालून बरा लागतो. पण दुधात मात्र हा उकळू नका. चव बिघडते.

कॅप्सूल किंवा अर्क असेल तर डब्याची मागची बाजू चष्मा लावून वाचा. ‘ऑलिव्ह लीफ एक्स्ट्रॅक्ट ५०० मिलीग्रॅम’ एवढ्यानं काही कळत नाही. त्यात ओल्युरोपीन किती टक्के, ते शोधा. २० टक्के लिहिलं असेल तर ५०० मध्ये १०० मिलीग्रॅम झालं, ६ टक्के असेल तर अवघं ३०. दोन डबे दिसायला सारखे, किमतीही सारख्या, आणि आतला माल तिप्पट कमी-जास्त! टक्केवारी लिहिलेलीच नसेल तर तो डबा नुसता विश्वासावर विकला जातोय असं समजा. भारतात आहारपूरक म्हणून विकल्या जाणाऱ्या डब्यावर ‘औषधी वापरासाठी नाही’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ छापावी लागते. पुढच्या बाजूला हृदयाचं चित्र आणि मागच्या बाजूला बारीक अक्षरात ही ओळ, असं पुष्कळदा असतं. आपण मागची बाजू खरी मानायची.

डॉक्टरांकडे जाताना पिशवीत डबा टाकून न्या. नाव सांगायला गेलं की आपलं विसरायला होतं किंवा चुकतं. डबाच समोर ठेवला की ते स्वतः वाचतात. ‘डॉक्टर रागावतील’ म्हणून लपवू नका. रागावले तरी दोन मिनिटांचं काम असतं. आणि हे बोलणं झाल्यावरही घ्यायचं ठरलं, तर घरी रक्तदाब मोजायचं यंत्र असेल त्यांनी रोज ठरावीक वेळी, पाच मिनिटं शांत बसून, मोजून वहीत तारखेसह आकडा लिहून ठेवावा. दुधाचा हिशेब ठेवतो तसाच हाही. महिन्याभरानं ती वहीच सांगेल, पानाचा उपयोग झाला की नुसतेच पैसे गेले.

पानाआधी मीठ

रक्तदाबाला कसलं तरी ‘नैसर्गिक’ साह्य हवंच असेल तर सगळ्यांत स्वस्त उपाय ओट्यावर आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्याप्रमाणे एका माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे, म्हणजे चहाचा एक सपाट चमचाही भरत नाही. यात आमटी-भाजीचं मीठ आलं, पोळीच्या कणकेतलं आलं, आणि लोणचं, पापड, चटणी, फरसाण, बिस्किटं, पावातलंही आलं. घरात चार माणसं असतील तर सकाळीच चार सपाट चमचे मीठ एका वाटीत काढून ठेवा आणि दिवसभराचा स्वयंपाक त्यातच करून पाहा. पहिल्या दिवशी दुपारपर्यंतच वाटी रिकामी होईल. तेव्हाच कळतं की आपण किती खातो ते. ताटात वरून मीठ वाढणं बंद करा, लोणच्याची फोड एकावर आणा, ताकात मिठाऐवजी जिरेपूड आणि कोथिंबीर घाला. दोन-तीन आठवड्यांत जीभ सरावते. बाजारातलं कमी सोडियमचं मीठ मात्र मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी विचारल्याशिवाय घेऊ नये, त्यात पोटॅशियम असतं.

रोज अर्धा तास पायी फिरणं आणि वेळेवर झोप, या दोन गोष्टींना डबाही लागत नाही आणि टक्केवारीही वाचावी लागत नाही. हे सगळं करून, गोळी वेळेवर घेऊन, डॉक्टरांच्या संमतीनं ऑलिव्हच्या पानाचा कप घेतलात, तर तो आनंदानं घ्या. भूमध्य समुद्राकाठच्या बायकाही तो पितात. पण त्यांच्या जेवणात डाळी-कडधान्यं, भाज्या, फळंही असतात. एकट्या पानावर कुणी निरोगी राहिलेलं नाही.

ज्या भगिनींनी हा अर्क किंवा चहा घेऊन पाहिला असेल, त्यांनी आपला अनुभव जरूर कळवावा. आधीचे आणि नंतरचे आकडे वहीतून उतरवून पाठवलेत तर इतरांनाही उपयोग होईल. पुढच्या अंकात पावसाळ्यात मसाले आणि डाळींना लागणारी कीड, आणि त्यावरचे घरगुती उपाय.